गोदाकाठचा प्लॉट

इंदिरानगरचा फ्लॅट विकून गोदाकाठच्या प्लॉटवर बंगला बांधायचा, असा ध्यासच ढुंढिराजपंतांनी निवृत्तीनंतर घेतला होता. सौदा पक्का करण्याआधी माती तपासायला इंजिनिअर आभा माणसं घेऊन आली, तेव्हा पंतांनी आधी नारळ वाढवला. एकाच फटक्यात त्याची दोन सुरेख शकलं झाली आणि पंतांची कळी खुलली.

मग उभ्या लोखंडी दांड्यावर वरून जड हातोडा आदळू लागला. दोन-चार घावांतच दांडा सरसर खाली गेला.

"बघ, अगदी नारळासारखंच! भूमाता हसत हसत वाट देतेय," पंत शेजारी जप करत बसलेल्या पत्नीला, प्रमिलाताईंना म्हणाले.

आभाचा चेहरा मात्र उतरला. "काका, दांडा जायला जितकी खळखळ करेल तितकी जमीन पक्की. इथे खाली पाण्यानं भरलेली सुटी वाळू आहे. मोठा भूकंप झाला तर तिचं पिठलं होईल आणि बंगला खचेल. माझं ऐकाल तर इथे बांधू नका."

पंत प्रमिलाताईंकडे वळले.

"अगं, या जागेसाठी तू देवीचे मंगळवार धरलेस ना? मग देवीनं ऐकलं कसं नाही?"



"ऐकलं की हो!" प्रमिलाताईंनी वणीच्या दिशेनं हात जोडले. "इंदिरानगर सुटू नये म्हणूनच तर धरले होते."