अंतरपाटापासूनची नजर

विसोबा, त्यांचे चिरंजीव शिवराम, शिवरामांचे महादेव, होडी हाकणाऱ्या या तिन्ही तांडेलांच्या बायकांनी चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून कधी पाहिले नव्हते. महादेवांचे चिरंजीव आबा; त्यांची बायको सुभद्राबाईही त्याच वळणाची.

"अंतरपाट पडलो तेव्हाची एक नजर तू माका अजून देणां लागतंस गो," केस पिकले तरी आबा छेडत.

१९६४च्या मेमध्ये त्यांचा मुलगा सत्यवान मुंबईहून आला. तो नजरेवर संशोधन करी. त्याने आईच्या डोक्यावर कॅमेऱ्याची टोपी चढवली. डोळा जिथे वळेल, तिथे छायाचित्रात पांढरा ठिपका उमटणार होता.

"आये, फक्त दर्याकडे बघीत ऱ्हव."

आबा किनाऱ्यावर एका कडेला जाळे सांधत होते.

छायाचित्रे आली. दर्या सगळ्यांत होता. ठिपका मात्र प्रत्येकात आबांवर. आबा एकेका ठिपक्यावरून बोट फिरवू लागले.

"फिटला मां देणां, व्याजासकट?" सुभद्राबाईंनी विचारले, मान खालीच ठेवून.