पाण्यातलं संत्रं

"घ्या, हुंगून तर बघा!" परफ्यूमच्या दुकानातल्या काउंटरवालीनं कागदाच्या पट्टीवर दोन फवारे मारले, आधी स्वतःच्या नाकाशी नेऊन डोळे मिटले. "अहाहा! संत्रं सोलताना सालीचा फवारा बोटांवर उडतो ना, अगदी तस्सं. मागून जरासं लिंबाचं पान. रोजच्या वापराला एकदम हलका. डोकं म्हणून दुखणार नाही."

गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या शाळेतल्या बाई. त्यांनी पट्टी हुंगली. उलटी करून पुन्हा हुंगली.

"अहो, याला तर कसलाच वास नाही!"

मालकीणबाई गल्ल्यावरून उठून आल्या. बाटलीचं झाकण फिरवून काढलं, तळहातावर दोन थेंब घेतले. "पाणी आहे हे," त्या म्हणाल्या.

मागच्या खोलीतून बाटल्या धुणाऱ्या मावशी ओल्या हातांनी धावत आल्या. "माझंच चुकलं, बाई! नमुन्याची बाटली विसळायला पाणी भरून ठेवलं होतं. नवा परफ्यूम ओतायचा राहूनच गेला. हिचा काही दोष नाही."

"तुमचं चुकलं ते कळलं. पण हिला पाण्यात संत्रं कुठून सापडलं?"

झालं! मावशी पुढं सरसावल्या. "सर्दी झालीय हो तिला, कालपासून..."

"मावशी, पुरे," काउंटरवाली म्हणाली. नोकरी गेली, हे तिला दिसतच होतं. पण आपल्यापायी मावशींनी खोटं बोलावं, हे काही तिला बघवेना. "चार महिने झाले, बाई. तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर मला कसलाच वास येत नाही. रोज सकाळी मावशी हुंगतात, मला सांगतात, मी पाठ करते. तुम्ही माझं कौतुक करता ना, ते सगळं यांचं आहे. यांच्यामुळे माझ्या घरची चूल पेटतेय. आणि यांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही."

"खरं?" मालकीणबाईंनी मावशींना विचारलं.

"मला गिऱ्हाईकासमोर तोंड उघडता येत नाही, बाई. तिला वास येत नाही. माझं नाक, तिचं तोंड. दोघींची मिळून एक धड बाई धरा की."

शाळेतल्या बाई फस्सकन हसल्या. "अहो, पण तोवर मला खरं संत्रं कुणीतरी दाखवा!"

मावशींनी मोठ्या बाटलीत पट्टी बुडवून दिली. बाईंनी ती हुंगली. "अगदी हिनं सांगितलं तस्संच की हो. लिंबाचं पानसुद्धा! द्या बांधून."

मालकीणबाई आत गेल्या आणि मावशींचं स्टूल उचलून काउंटरमागे आणून आदळलं. "बाटल्या दुपारी धुवा. सकाळी इथं बसायचं. आणि लपवाछपवी बंद. तुम्ही हुंगा, ती बोलेल, सगळ्यांदेखत."

गिऱ्हाईक गेलं, तशी काउंटरवालीनं मावशींचा ओला हात दोन्ही हातांत धरला. हसावं की रडावं, तिला कळेना. "मावशी, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले डोंबलाचे! सरक, बसू दे मला."

ती सरकली. थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाली, "एक विचारू? चार महिने कुणाला विचारायचा धीरच झाला नाही."

"विचार की."

"माझ्या अंगाला वास कसा येतो हो?"

मावशींनी तिला जवळ ओढलं. तिच्या मानेशी नाक नेलं आणि नव्या परफ्यूमला देतात तेवढाच वेळ घेतला.

"साबणाचा," त्या म्हणाल्या. "नुसता साबणाचा. उद्यापासून दिवसातून एकदाच आंघोळ कर, पोरी."