छातीवरचा भोंगा

“ही कुठली दोरी?” साहेबांनी विचारलं.

“मागची. फोन करणाऱ्याच्या भोकात ही, अन् ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भोकात पुढची,” ती म्हणाली. “अहो, ताई चारच्या बसने निघालीय.”

“माहीत आहे गं. आणि ही कळ?”

“अलीकडे ओढली की तिकडे घंटी वाजते. पुढे ढकलली की आपल्याला बोलता येतं.”

साहेब म्हणजे तिचा नवराच. याच टेलिफोन केंद्रात ती फोन जोडायला बसायची आणि ते देखरेखीला बायकांच्या पाठीमागून फेऱ्या मारायचे. लग्न झालं, केंद्र बंद पडलं, दोघंही निवृत्त झाली, तरी ‘साहेब’ काही सुटलं नाही. फरक इतकाच, की साहेबांचे मोजेही तीच धुवायला लागली. आता केंद्राचं संग्रहालय होत होतं, साहेब त्याचे कर्तेधर्ते, आणि कुठली वस्तू कशाची हे ओळखायला त्यांनी बायकोला धरून आणलं होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणाले होते. साहेबांच्या पाच मिनिटांत रांगणारं पोर चालायला लागतं.

मोठ्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसत होता. तिथे बाकावर ताई बसली होती, शेजारी दोन पेट्या. घर विकून ती लेकाकडे चालली होती, सातासमुद्रापलीकडे, आणि परत येण्याची काही बात नव्हती. गुडघे गेलेले, नाहीतर तीच रस्ता ओलांडून आली असती. सकाळी फोनवर म्हणाली होती, “एकदा तोंड दाखवून जा गं. राहिलं तर राहिलंच मग.”

“हे तेवढं घालून बस,” साहेब म्हणाले, “फोटो झाला की मोकळी.”

छातीवर टेकणारा, बोलायचा पत्र्याचा भोंगा, त्याचा पट्टा मानेमागून, कानावर श्रवणी. तिने बघता बघता सगळं चढवलं, त्याच्या दोरीचं टोक समोरच्या फोन जोडायच्या फळीत खोचलं आणि ताठ बसली. फोटोग्राफर कॅमेरा लावता लावता म्हणाला, “आजी, दोरी फारच आखूड आहे हो. उठायचं झालं तर?”

“हात वर करायचा. साहेबांनी मान हलवली की दोरी काढायची.”

“आणि नाही हलवली तर?”

“तर काय, बसून राहायचं.”

“शिस्त होती तेव्हा,” साहेब म्हणाले, आणि उजेड कुठून घ्यावा ते फोटोग्राफरला समजावू लागले. त्यांना फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समजावण्याची हौस दांडगी.

तेवढ्यात बस आली. कंडक्टरने ताईची एक पेटी उचलली. ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. मेल्या फळीतून ती दोरी ओढायची आणि रस्ता ओलांडायचा, एवढंच तर होतं. कोण अडवणार होतं? कंडक्टरने दुसरी पेटी उचलली. ती उठणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात वर गेलाय, बोटं जुळवून, खांद्याच्या सरळ रेषेत. साहेबांची पाठ तिच्याकडे होती. ती हात वर धरून थांबली.

“वा,” फोटोग्राफर म्हणाला. “आजी, हात असाच ठेवा हं. हलवू नका.”

साहेबांनी वळून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. “असंच,” ते म्हणाले. “अगदी असंच करायच्या सगळ्या.” मान मात्र त्यांनी हलवली नाही.

बसच्या पायरीशी ताई थांबली होती. खिडकीत वर गेलेला हात तिला दिसला. ती हसली, तिनेही हात वर केला, बराच वेळ हलवला, आणि मग दांडीला धरून सावकाश बसमध्ये चढली.