मोठ्यानं म्हण

फोन ऐन उसाच्या तोंडाशी बंद पडला. त्यावर मोठ्यानं लावलेलं गाणं थांबलं आणि दोन्हीकडच्या उसाची सळसळ एकदम अंगाशी आली.

"चार्जिंग संपलं, आबा," प्रतिभा म्हणाली. पुण्याहून वारूळवाडीपर्यंत ती येष्टीत उद्याचा धडाच ऐकत आली होती.

धर्माजीनं काठी आपटली. दिवस मावळला होता. बिबट्याच्या मुलखात मुक्यानं वाट चालायची नसते, हे नातीला सांगायची गरज नव्हती.

"मग तूच बोल. उद्याच्या परीक्षेचं म्हण. मोठ्यानं."

उद्या फोनवरूनच तिची स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. ती ओरडू लागली, "एल लिब्रो! एल पेर्रो! एल सोल!"

"समद्यांच्या म्होरं एल एल काय लावलंय?"

"गड्यांचे शब्द हायेत, आबा. पुस्तक तो, कुत्रा तो, सूर्य तो."

"पुस्तक तो? लईच येडी दिसत्यात तिकडची मान्सं."

"आन् 'दिया' म्हंजे दिवस. शेवटी 'आ' येतो म्हणून मी त्याला बाई करून टाकते. दर टायमाला चुकते."

"दिवस आपल्यातबी तोच की. म्हण म्होरं. आवाज पाडू नको."

"एल दिया! एल मापा! एल..." तिच्या हातातला शब्दांचा कागद निसटला. ती उचलायला वाकली.

सळसळ थांबली.

धर्माजीनं दंड धरून तिला वर ओढलं. "वाकू नको! वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं!"

समोर वाटेत तो उभा होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. धर्माजीनं काठी डोक्यावर उंच धरली, छाती भरून घेतली. शिवी आठवेना, देव आठवेना.

"एल दिया!" तो गरजला. "एल बैल! एल नांगर! एल... एल धर्माजी!"

बिबट्यानं मान वळवली आणि तो उसात शिरला. शेंडे हलत गेले, थेट गेणभाऊच्या वस्तीकडं.

"गेणभाऊ!" प्रतिभा किंचाळली. "पोरं आत घ्या! तुमच्याकडं आलाय!"

तिकडं कडी वाजली. मग शेजारच्या घराची. मग पलीकडची. एकेक दार लागत गेलं आणि वाटेवर ती दोघंच उरली. कागद पायाशी पडला होता. कुणी वाकलं नाही.

धर्माजीनं तिचा दंड अजून सोडला नव्हता.

"गड्यांचे संपले आसतील," तो म्हणाला, "तर आता बायांचे घे. घर लांब हाय."