अर्धा शब्द

"मीठ," त्र्यंबकराव म्हणाले आणि थांबले.

सरोजताई पंख्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडून पुढची 'भाकर' काही आली नाही. सकाळपासून त्यांच्या 'देव'ला 'धर्म' मिळाला नव्हता, की 'पै'ला 'पाहुणा'.

अर्धांगाच्या झटक्यानंतर सरोजताईंच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्र्यंबकरावांच्या पाठीने कधीच राजीनामा दिलेला. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये सरोजताई त्यांच्या हातातून निसटल्या. एकुलता एक मुलगा नील ठाण्याहून धावत आला. टिटवाळ्याला अशा आजाऱ्यांना सांभाळणारी एक जागा त्याने बघून ठेवली होती. उद्या सकाळी गाडी येणार होती.

"बाबा, आईला काही कळत असतं तर मी असं केलं असतं का?" तो म्हणाला होता. "तिला आपली ओळखच उरली नाही. एक शब्द बोलू दे, मी गाडी परत पाठवतो."

पोरगा वाईट नव्हता. तेच तर अवघड होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्र्यंबकरावांनी होते नव्हते ते सगळे जोडशब्द संपवले. शेवटी वैतागून तोंडाला येईल ते बोलले, "पंच."

"कार्ड," सरोजताई म्हणाल्या.

त्र्यंबकराव उठले, पुन्हा बसले, आणि लहान मुलासारखे रडले.

दोघं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला होती, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. त्याला काहीही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांना, म्हणजे पंचकार्डांना, भोकं पाडून सांगावं लागे. कीपंच नावाच्या यंत्रावर भोकं पाडायची सरोजने, कार्डं यंत्राला भरवायची त्र्यंबकने. दोघांची शाळा मराठी. आणि इंग्रजीची खोड अशी की दोन ओळखीचे शब्द एकत्र बांधायचे आणि तिसराच परका उभा करायचा. की म्हणजे किल्ली, पंच म्हणजे ठोसा. मग कीपंच म्हणजे काय, किल्लीने मारलेला ठोसा? साहेबासमोर फजिती नको म्हणून दोघं स्टेशनकडे चालताना शब्द घोकायची. तो पहिला अर्धा म्हणायचा, ती दुसरा. घोकता घोकता लग्न ठरलं.

सुरुवात नेहमी त्याची. एकच शब्द तेवढा तिचा होता. बाकीच्या मुली पर्स उचलून निघाल्या की ती त्याच्या दाराशी येऊन "ओव्हर" म्हणायची. तो "टाइम" म्हणाला की दोघं मागे थांबायची. साहेब खूश, की काय कामसू पोरं आहेत!

संध्याकाळी नील आला. सोबत सुमेधा होती, सरोजताईंना पुन्हा बोलायला शिकवू पाहणारी थेरपिस्ट. त्र्यंबकरावांनी त्यांना चपलासुद्धा धड काढू दिल्या नाहीत.

"की."

"पंच."

"फ्लो."

"चार्ट."

"मेन."

"फ्रेम."

नीलचे डोळे भरून आले. "आई," म्हणत तो पलंगाशी बसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाडीवाला पत्ता विचारत होता. "थांबा जरा," नील म्हणाला, "सोसायटीच्या मेन—"

"फ्रेम," सरोजताई म्हणाल्या.

तोच सपाट आवाज. नजर पंख्यावर. नीलने फोन खाली घेतला. "की," तो हळूच म्हणाला. "पंच." त्याने पुन्हा "की" म्हटलं. पुन्हा "पंच." बटण दाबावं आणि बेल वाजावी, तसं.

सुमेधा त्र्यंबकरावांकडे वळली. "काका, मुलांसमोर शुभं करोति अर्धं म्हटलं की पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप येतं ना, तसं आहे हे. तुम्ही अर्धं म्हणता म्हणून जीभ उरलेलं म्हणते. त्यात काकूंना काही कळलेलं असतंच असं नाही."

"म्हणजे पोपट?"

सुमेधाने मान खाली घातली. "स्वतःहून एक शब्द काढला असता, तर गोष्ट वेगळी होती."

गाडी ठरल्याप्रमाणे येईल, असं नील जाताना म्हणाला.

सकाळी त्र्यंबकरावांनी तिची बॅग भरली. गाऊन, शाल, डोक्याला लावायचं तेल. तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो सपाट आवाज पुन्हा ऐकायची त्यांना धास्ती बसली होती. काल आपण बायकोशी नाही, तिच्या जिभेशी बोलत होतो, या विचाराने रात्रभर त्यांचा जीव नुसता करपून गेला होता.

खाली हॉर्न वाजला. जिन्यात पावलं आली. नील दोन माणसांना खुर्ची कशी वळवायची ते सांगत होता.

त्र्यंबकरावांनी बॅगेची चेन लावली. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"चल सरोज," ते म्हणाले. "सगळे थांबलेत. निघायला हवं."

सरोजताईंची नजर पंख्यावरून खाली आली. भिंतीवरून, दारावरून, बॅगेवरून फिरली आणि त्र्यंबकरावांच्या तोंडावर येऊन थांबली. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. हा शब्द बाकीच्यांसारखा घसरून येत नव्हता, ओढून आणावा लागत होता.

"ओ... ओव्हर."

आणि त्या वाट बघत राहिल्या.

"बाबा," दारातून नील म्हणाला, "तुम्ही काही म्हणालात तिला?"

त्र्यंबकरावांनी नुसती मान हलवली, नाही.

"टाइम," ते अखेर म्हणाले, आणि बॅगेची चेन उघडून तिचे गाऊन एकेक करून परत कपाटात ठेवायला लागले.