डीलियाचा मासा

फेस्टसचं थरथरणं थांबलं, तेव्हा डीलिया पहिल्यांदा घाबरली.

इतका वेळ तो होडीच्या मागच्या टोकाला दात वाजवत बसला होता आणि ती तिकडे कानाडोळा करत होती. आता दात वाजायचे थांबले. त्याने हातमोजे काढले, नीट घडी करून शेजारी ठेवले आणि म्हणाला, "फार उकडतंय." गारठलेल्या माणसाला उकडायला लागलं, की तो हातचा जातो, हे तिने ऐकलं होतं. तळ्यावर गारठा असा होता की गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता. दर वेळी गळाची पिसांची माशी फेकण्याआधी काठी पाण्यात बुडवून तो काढावा लागत होता.

मार्चमधली निवड-स्पर्धा होती. कनॉट प्रांताच्या मासेमारी संघात एकच जागा उरली होती आणि दिवसभरात जो सर्वांत मोठा ट्राउट मासा पकडेल, त्याला ती मिळणार होती. अशा स्पर्धेत दोन प्रतिस्पर्धी एकाच होडीत बसतात, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. डीलियाच्या नावापुढे फेस्टसचं नाव निघालं, तेव्हा धक्क्यावर हशा पिकला. संघात आजवर एकही बाई गेली नव्हती. त्यावरून क्लबच्या सभेत वाद झाला, तेव्हा म्हातारा फेस्टस म्हणाला होता, "माझी हरकत नाही. पण संघाचे कोट पुरुषांच्या मापाचे शिवलेत. ते कोण उसवत बसणार?"

दुपारी वाऱ्याने होडी उथळावर नेली. इंजिनाचा पंखा खडकावर आपटून मोडला. होडी ढकलायला फेस्टस खाली उतरला, शेवाळावरून घसरला आणि छातीपर्यंत पाण्यात गेला.

"परत जाऊ या का?" तिने विचारलं होतं.

"का? मासे काय कोरडे असतात? बस गुमान."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिलाही मासा हवाच होता.

आता किनारा वाऱ्याच्या तोंडावर होता. बाकीच्या होड्या तळ्यातल्या बेटापलीकडे गेल्या होत्या आणि फोनला रेंज नव्हती. वल्ही मारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने घाईघाईने गळाचा दोर गुंडाळायला घेतला, आणि तेवढ्यात तो ताणला गेला. काठी कमानीसारखी वाकली. दूरवर मासा एकदा पाण्याबाहेर उसळला. पिवळट पोटाचा, हातभर लांबीचा. असा ट्राउट तिने या तळ्यात कधी पाहिला नव्हता.

त्याला दमवून जाळीत घ्यायला वेळ लागला असता. आणि नियम साधा होता. ज्याचा मासा, त्यानेच ओढायचा. काठीला दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद.

फेस्टसची मान छातीवर पडली.

"फेस्टस! डोळे उघडा!"

"पडू दे जरा, बाई," तो पुटपुटला. "थोडंसंच."

डीलियाने काठी गुडघ्यांत दाबून धरली, अंगातला कोट काढून त्याच्याभोवती गुंडाळला, हातमोजे परत त्याच्या बोटांवर चढवले. मग ती वाकलेली काठी त्याच्या हातात कोंबली.

त्याने डोळे किलकिले केले. "अगं, बाद होईल तुझा."

"होऊ दे! धर घट्ट! झोपलास तर सुटेल तो. आणि सुटला तर तुला इथेच पाण्यात ढकलीन, ऐकतोयस?"

आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

तिने वल्ही मारायला सुरुवात केली. पाठीवर बर्फाचे कण आदळत होते. स्वेटर भिजून जड झाला, तळहाताची सालं निघाली. होडी दोन हात पुढे जायची आणि वारा तिला हातभर मागे ढकलायचा. फेस्टस तिच्या समोरच बसला होता. त्याच्या पापण्या मिटल्या की ती ओरडायची, "काठी वर! दोर ढिला सोडू नकोस!" आणि तो दचकून काठी वर करायचा.

बेटापाशी ती काठी एकाएकी सरळ झाली. डीलियाला समोर स्पष्ट दिसलं. मासा गेला होता. पण फेस्टसच्या बधिर बोटांना काय कळणार? तो तसाच काठी छातीशी धरून बसला होता.

"शाबास!" ती ओरडली. "आहे अजून! ओढतोय बघ कसा! धरून ठेव!"

किनारा येईपर्यंत ती तेच ओरडत राहिली. धक्क्यावरची माणसं गुडघाभर पाण्यात धावली. फेस्टसच्या हातातून काठी सोडवायला दोघे जण लागले. त्याला उचलून नेलं, तेव्हा डीलियाने एकटीनेच दोर गुंडाळला. टोकाला पिसांची ओली माशी तेवढी होती.

संघातली जागा दुसऱ्याला गेली. फेस्टस शुद्धीवर आहे असं कळल्यावर ती इस्पितळात गेली. आजारी माणसाला खोटं सांगून आणलं, ते त्याला स्वतःच सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं. तो उशीला टेकून बसला होता. तिला पाहताच त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"फेस्टस, तो मासा..."

"बेटापाशीच सुटला," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

डीलिया पाहतच राहिली. "माहीत होतं? मग काठी कशाला धरून बसलात किनाऱ्यापर्यंत?"

म्हाताऱ्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"तू समोर बसून तशी ओरडत होतीस, बाई. तुझा मासा मी घालवला, हे तुला सांगायची माझी छाती झाली नाही."