सरळ सही

दुरुस्तीच्या परवान्यावर सही करायची होती आणि दोन नंबरचा कॉम्प्रेसर तिला बरा वाटत नव्हता.

मीटर तसे म्हणत नव्हते. दाब योग्य, तापमान योग्य, कंपन मर्यादेत. पण सकाळपासून त्या गडगडाटात मधूनच एक ठोका अडखळत होता. तो कानांना नव्हे, तळपायांना कळत होता. बंद असलेल्या तीन नंबरची झडप बदलायला तीन फिटर दोन्ही यंत्रांमधल्या खड्ड्यात उतरणार होते. खड्ड्याला शिडी एकच. शेजारच्या चालत्या यंत्राचे काही निखळले, तर वर यायला वेळ मिळणार नव्हता. ते यंत्र ठीक आहे, एवढेच तिची सही सांगणार होती.

नियंत्रण कक्षाच्या काचेपलीकडे व्यवस्थापक उभे होते. सहा महिन्यांत तिने अकरा वेळा यंत्र थांबवले होते. त्यांपैकी नऊ वेळा काहीही सापडले नव्हते. जरा धक्का लागला की मिटणारी, म्हणून सारे तिला 'लाजाळू' म्हणत. वार्षिक अर्जातल्या 'आपण कामात समाधानी आहात का?' या प्रश्नापुढे तिने लिहिले होते, 'भीती वाटते.' तो अर्ज परत आला होता.

"बाई, इथे काम आकड्यांवर चालतं, तुमच्या अंगावरच्या काट्यावर नाही," व्यवस्थापकांनी सुनावले होते. "आणखी एकदा विनाकारण थांबवलंत, तर ही खुर्ची दुसऱ्याला."

खुर्ची तिला हवी होती. पाळी सुटल्यावर सगळी माणसे फाटकातून धडपणे बाहेर पडताना ती खिडकीतून पाहत असे. त्या क्षणाला काय म्हणतात, ते अर्जात लिहायला तिला सुचले नव्हते.

घाबरली की तिची सही थरथरे. म्हणून गेले पंधरा दिवस ती घरी सराव करत होती. मनगट टेबलावर दाबून धरले की अक्षर सरळ येई. नवरा म्हणालाही होता, "कुणाची सही मारायचा बेत आहे का?"

तिने मनगट दाबले. सही सरळ आली.

मिस्त्रींनी, तिघा फिटरांतल्या सर्वांत वडीलधाऱ्याने, कागद उचलला आणि चष्मा वर सरकवून नीट पाहिला. "चला रे. आज सही सरळ आहे."

"सरळ म्हणजे?"

मिस्त्रींनी काचेकडे एक नजर टाकली. "आता तुमच्यापासून काय लपवायचं, बाई! सही वाकडी दिसली की आम्ही उतरत नाही. कुणाचा पाना हरवतो, कुणाच्या पोटात दुखतं. तासाभराने नवा परवाना मागतो. तुमच्या आधीच्या साहेबांची सही रोज सरळ यायची. तेव्हा आमचा एक माणूस गेला."

तळपायांखाली ठोका पुन्हा अडखळला.

दार उघडून व्यवस्थापक आत आले. "झाली ना सही? मग खोळंबा कसला?"

तिने मिस्त्रींच्या हातातून कागद काढून घेतला. "साहेब, मला भीती..."

वाक्य पुरे होण्याआधीच तिघांनी हत्यारे खाली ठेवली होती.